'वुल्गाता' नेमकी कोणाची?

लॅटिनमध्ये 'वुल्गुस' म्हणजे सामान्य लोक, जमाव. त्यावरून 'वुल्गाता', म्हणजे लोकांत पसरलेली, सर्वांच्या हाती असलेली. इंग्रजीतला 'व्हल्गर' याच घरातला. बायबलच्या लॅटिन भाषांतराला आज हे नाव चिकटले आहे. पण ते भाषांतर करणाऱ्या जेरोम यांनी आपल्या कामाला हे नाव दिले नव्हते. ते 'वुल्गाता' म्हणत ते आधीच्या, लोकांत रूढ असलेल्या पाठाला.

३८२ च्या सुमारास पोप दमासस यांनी जेरोमना जुनी लॅटिन शुभवर्तमाने सुधारायला सांगितले. पुढे बेथलेहेमला राहून त्यांनी जुना करार हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला. लोकांना तो रुचला काय? ओएआ येथे, म्हणजे आजच्या लिबियातील त्रिपोलीत, बिशपने योनाची गोष्ट नव्या भाषांतरातून वाचली. आपल्या हजरत युनूस यांचीच ती गोष्ट. त्यांच्यावर सावली धरणारा वेल जुन्या पाठात भोपळ्याचा होता, जेरोमनी तो आयव्ही नावाचा दुसराच वेल केला. (कुरआनातल्या 'यक्तीन'चा अर्थही बहुतेक मुफस्सिर भोपळाच करतात.) लोक खवळले. बिशपला गावातल्या यहुद्यांची साक्ष काढावी लागली आणि शेवटी माघार घ्यावी लागली. ऑगस्टीन यांनी ही हकीकत जेरोमना पत्राने कळवली. एका वेलावरून एवढे!

१५४६ साली ट्रेंटच्या परिषदेने याच भाषांतराला 'वुल्गाता' म्हणून अधिकृत ठरवले. तोवर लॅटिन कोणाच्याही घरची भाषा उरली नव्हती. नाव लोकांचे राहिले, लोक मात्र बाहेर.

हा शब्द पुढे कुठेही लावला जाऊ लागला. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत नीलकंठाच्या महाभारतपाठाला 'व्हल्गेट' म्हटले आहे. तिथे रूढ पाठ एवढाच अर्थ आहे, तक्रार नाही. पण युरोपीय अभ्यासक हजरत उस्मान यांच्या काळी निश्चित झालेल्या कुरआनाला 'उस्मानी व्हल्गेट' म्हणतात, तेव्हा आमची हरकत आहे. या शब्दाबरोबर भाषांतर येते, परिषदेचा ठराव येतो. कुरआन अरबीत उतरला, अरबीत पाठ झाला, अरबीतच लिहिला गेला. चर्चच्या मापाने आमचा कपडा बेतू नये.

मात्र एवढे बोलून गप्प बसणे फार सोयीचे आहे. आपल्यातही एक वुल्गाता आहे, आणि ती म्हणजे उर्दू. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी कुरआन फारसीत आणला, त्यांच्या मुलांनी उर्दूत. कशासाठी? लोकांना कळावा म्हणून. आज त्याच उर्दूच्या आड मराठी बोलणारा मुसलमान अडवला जातो. मराठी तर्जुमे छापील मिळतात, पण कोणी हाती घेतला की शेजारचा म्हणतो, "हे कशाला, उर्दूतलाच वाचा ना!" जणू उर्दूही आसमानातून उतरली.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, आमची भाकरी उर्दूची. म्हणून हे आम्हीच बोललेले बरे. जुम्याच्या बयानाला सगळी सफ माना हलवते, त्यातले किती पोचले ते कोणी विचारत नाही. मराठीत बयान केल्याने ईमान कमी होते, हे कोणत्या किताबात लिहिले आहे? कोकणातल्या आजीला हजरत युनूस यांची गोष्ट सांगताना 'कद्दू की बेल' म्हणायचे, की सरळ भोपळ्याचा वेल?