आबाजींचा विळा आणि राजाचे पिरॅमिड

दिवाळीच्या सुटीत आम्ही दवनीवाड्याला गेलो होतो. गोंदिया तालुक्यातले हे गाव. शिवारात धानाची कापणी सुरू होती. ज्यांच्या घरी उतरलो ते कुटुंब मजुरीवर जगणारे. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीला कापणी आणि मधल्या दिवसांत मिळेल ते काम. घरातली थोरली मुलगी सातवीत शिकते. आम्ही पोहोचलो तेव्हा ती अंगणात कोपरापर्यंत चिखलात हात घालून बसली होती. काय चालले आहे म्हणून विचारले, तर म्हणाली, "राजाचं थडगं बांधून राहिली."

शाळेने सुटीचा अभ्यास दिला होता. प्राचीन इजिप्तचे देव आणि तिथली मृतांना पुरण्याची रीत, या विषयावर प्रकल्प करायचे. वडिलांचा विचार वेगळा होता. गोंदियाच्या दुकानात तयार चार्ट मिळतात, पुठ्ठ्याचे पिरॅमिडही मिळते. एका दिवसाची मजुरी त्यांनी त्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. आम्हाला हळूच म्हणाले, "बाकी काही देणं होत नाही. निदान पोरीचा प्रकल्प चार पोरांत हलका दिसू नये."

वाचकहो, हे वाक्य आपल्यापैकी किती घरांत बोलले गेले असेल! पण मुलीने पैसे घेतले नाहीत. माती शेतात आहे, मीठ घरात आहे, पुस्तक शाळेत आहे, मग विकत काय आणायचे, असा तिचा सवाल. तिने तीन प्रकल्प केले. ते तिन्ही आम्ही नीट पाहिले आणि त्या अंगणात आम्हीच शिकून आलो.

पहिला प्रकल्प मासळीचा. इजिप्तचे लोक प्रेत टिकवून ठेवत. त्याला ममी म्हणतात. पोट चिरून फुप्फुसे, यकृत, जठर आणि आतडी काढत व चार बरण्यांत ठेवत. मेंदू नाकावाटे काढून टाकून देत. काळीज मात्र जागेवरच ठेवत, कारण बुद्धी काळजात असते अशी त्यांची समजूत होती. मग नेट्रॉन नावाच्या क्षारात देह झाकत. नेट्रॉन म्हणजे धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि मीठ यांचे जमिनीत सापडणारे मिश्रण. ते अंगातले पाणी शोषून घेते. पाणी गेले की कुजणे थांबते. मग तेल, राळ लावून कापडाच्या पट्ट्या गुंडाळत. सगळे मिळून सत्तर दिवस लागत.

मुलीने एक मासळी साफ करून मीठ आणि सोड्यात दाबून ठेवली, दुसरी तशीच उघडी ठेवली. उघडी मासळी दोन दिवसांत टाकावी लागली. मिठातली पंधरा दिवसांनी हलकी, कडक आणि बिनवासाची निघाली. आजी बाजूला बसून हसत होती. तिला त्यात नवल नव्हते. मासळी खारवून वाळवायची कला तिच्या हातात लहानपणापासून आहे. आम्ही मुलीला म्हटले, हेही वहीत लिही. इजिप्तच्या पुरोहितांची विद्या आणि तुझ्या आजीची विद्या, दोन्हींच्या मुळाशी एकच शास्त्र आहे.

तिच्या वहीत आणखी एक गोष्ट होती. ममीची कला येण्याच्या फार आधी इजिप्तमधली साधी माणसे वाळूत नुसता खड्डा करून पुरली जात. तापलेल्या वाळूने अंगातले पाणी ओढून घेतले आणि देह आपोआप टिकले. असा एक सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा देह लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. म्हणजे राजाला ज्यासाठी सत्तर दिवस आणि खजिना लागला, ते गरिबाला वाळूने फुकट दिले!

दुसरा प्रकल्प तराजूचा. दोन करवंट्या, काडी आणि दोरा. एका पारड्यात मातीचे काळीज, दुसऱ्यात कोंबडीचे पीस. कथा अशी आहे. ओसायरिस हा राजा. त्याचा भाऊ सेत याने त्याला मारले आणि तुकडे करून फेकून दिले. बायको आयसिस हिने ते तुकडे शोधून जोडले. ओसायरिस मृतांच्या जगाचा राजा झाला आणि मुलगा होरस याने बापाचा सूड घेतला. मेलेल्या माणसाला या ओसायरिससमोर उभे राहावे लागे. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस त्याचे काळीज तोली. दुसऱ्या पारड्यात सत्याची देवी मात हिचे पीस असे. काळीज जड भरले तर मगरीच्या तोंडाची अम्मित ते खाऊन टाकी.

त्या वेळी मृताने बेचाळीस देवांपुढे सांगायचे असे की, मी चोरी केली नाही, मी हत्या केली नाही, मी खोटे बोललो नाही. मुलीने हे वाचून दाखवले आणि म्हणाली, "हे तर पंचशीलासारखंच आहे." आम्हीही क्षणभर मान हलवली. पण आजीने विचारले, "मेल्यावर सांगत होते का जिवंतपणी?"

पाहा, अक्षरओळख नसलेल्या बाईने किती मोठा फरक दाखवला! मेल्यावर 'मी केले नाही' म्हणून सुटका मागणे वेगळे, आणि जिवंतपणी 'मी करणार नाही' असे शील रोज सकाळी स्वतः अंगी घेणे वेगळे. शिवाय तिथे मृतासाठी मंत्रांच्या गुंडाळ्या लिहून मिळत. काही आधीच तयार असत आणि नावाची जागा कोरी सोडलेली असे. ज्याच्याकडे पैसा त्याचे नाव त्या जागेवर लिहिले जाई. परलोकाची चिठ्ठी विकण्याचा धंदा एकाच देशात चालला, असे कोणी समजू नये.

तिसरा प्रकल्प म्हणजे ते मातीचे पिरॅमिड. गिझा येथील खुफू राजाचे पिरॅमिड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. बांधले तेव्हा उंची १४६ मीटर होती आणि सुमारे २३ लाख दगड लागले असा अंदाज आहे. हे सगळे एका माणसाच्या मढ्यासाठी. आम्ही विचारले, "राजाचे नाव लिहिलेस, दगड कोणी ओढले ते लिहिलेस का?" ती गप्प झाली. मग त्या संध्याकाळी कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली आम्ही जे सांगितले ते इथेही सांगतो, कारण आपल्या मुलांच्या वहीत ते असायला हवे.

१९९० साली गिझाच्या पिरॅमिडांजवळ एका घोड्याचा पाय विटांच्या पडक्या भिंतीला अडखळला आणि तिथे मजुरांची स्मशानभूमी सापडली. त्यांच्या हाडांवर ओझी वाहिल्याच्या खुणा आहेत. मोडून पुन्हा जुळलेली हाडेही आहेत. म्हणजे त्यांच्यावर उपचार होत होते. त्यांच्याबरोबर पुरलेली भाकरीची आणि बिअरची भांडीही मिळाली. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पपायरसचे कागद सापडले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुरा येथल्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेने गिझाला कसे नेले, याची त्याने दिवसवार नोंद ठेवली आहे. खुफूच्या पिरॅमिडाची माहिती आज राजाच्या शिलालेखापेक्षा मुकादमाच्या वहीतून जास्त मिळते.

नंतरच्या काळात राजांची थडगी डोंगर कोरून करू लागले. ती कोरणारे कारागीर देर अल-मदिना या गावात राहत. त्यांचा हजेरीपट एका दगडावर लिहिलेला सापडला आहे. तो रामेसेस दुसरा याच्या ४० व्या वर्षाचा. कोण आजारी, कोणाला विंचू चावला, कोण आपल्या आईच्या प्रेताला कापड गुंडाळण्यासाठी थांबला, अशी गैरहजेरीची कारणे त्यात लिहिली आहेत. राजाचे थडगे कोरणाऱ्याला स्वतःच्या आईसाठी रजा घ्यावी लागली. ज्यांनी मजुरीच्या हजेरीपटावर अंगठा उमटवला आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

याच गावाच्या कारागिरांनी रामेसेस तिसरा याच्या २९ व्या वर्षी काम बंद केले. मजुरी धान्यात मिळत असे आणि ती थकली होती. पोटात भूक घेऊन ते कामाची हद्द ओलांडून बाहेर आले आणि मंदिराजवळ जाऊन बसले. धान्य मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. इतिहासात नोंद झालेला हा सर्वांत जुना संप मानतात. त्याची हकीकत लिहिलेला कागद इटलीतल्या तुरिन शहराच्या संग्रहालयात आहे. हे ऐकून मुलीचे वडील, जे आतापर्यंत दाराशी विळ्याला धार लावत बसले होते, उठून जवळ आले. म्हणाले, "मग भेटली का मजुरी?" भेटली, पण पुन्हा थकली आणि पुन्हा बसावे लागले. वडील नुसते हसले.

राजांचा हव्यास मात्र मेल्यावरही संपत नव्हता. परलोकातही शेत नांगरावे लागेल, मग ते कोण करणार? म्हणून चाकरांच्या छोट्या मूर्ती थडग्यात ठेवत. १९२२ साली तुतनखामेन या तरुण राजाचे थडगे उघडले, त्यात अशा ४१३ मूर्ती निघाल्या. आतली शवपेटी तर सुमारे ११० किलो सोन्याची होती. मढ्याजवळ सोने आणि मेल्यावरही राबायला चाकर!

आपल्याकडे असे काही नव्हते, असा गर्व आम्ही करणार नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती खणून काढली आहे. तिथे लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून पुरत. मेलेला परत चालत जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पण पाच खोल्यांच्या मोठ्या घरात एक माणूस चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला मिळाला आणि त्याचे पाय शाबूत होते. नागपूरजवळ जुनापाणी आणि माहुरझरी येथे जुन्या दफनांभोवती दगडांची वर्तुळे आहेत. माहुरझरीला तांब्याच्या दागिन्यांसह घोडा पुरलेला सापडला. आपल्या वैनगंगेच्याच काठी, भंडारा जिल्ह्यात, पवनीला प्राचीन स्तूप खणून काढला आहे. स्तूपाचे मूळही अस्थी जपण्यातच आहे. तथागतांच्या अस्थींचे आठ भाग झाले आणि त्यांवर स्तूप उभे राहिले. पण त्या स्तूपांत सोन्याची शवपेटी नव्हती आणि राबायला चाकरही नव्हते. लोक तिथे धम्माची आठवण ठेवायला जात.

मुलीला शेवटी एक बातमी सांगितली, ती तिने लाल शाईने लिहून घेतली. इजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके हे जुने बंदर आहे. तिथे आयसिसच्या मंदिराच्या आवारात २०२२ साली बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली. २०२३ साली ते जाहीर झाले. उंची सुमारे ७१ सेंटिमीटर. त्या काळी भारताशी व्यापार करणारी जहाजे या बंदरात लागत. सम्राट अशोकाने तर त्याआधीच आपल्या तेराव्या शिलालेखात इजिप्तच्या तुरमय, म्हणजे टॉलेमी राजाचे नाव कोरले होते.

आता मुख्य गोष्ट. या घरातले आबाजी उन्हाळ्यात वारले. तेंदूपत्त्याचे दिवस होते, घरात पैसा नव्हता. काही नातलगांनी आग्रह धरला की तेरवी झालीच पाहिजे, गावाला जेवण दिलेच पाहिजे, नाहीतर लोक काय म्हणतील! एकाने व्याजाने पैसे मिळवून देण्याचीही तयारी दाखवली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात आजही हे घडते. जुनी रूढी नव्या नावाने मागच्या दाराने येते. कधी जलदान विधीच्याच दिवशी चार-पाचशे पानांचे जेवण होते. आजी ठाम राहिली. त्रिशरण-पंचशील झाले, चार माणसे आबाजींविषयी बोलली, चहा झाला. कर्ज झाले नाही. म्हणून या वर्षी मुलीच्या वह्या वेळेवर आल्या.

मुलीच्या प्रकल्पात एक रकाना होता: 'मृताबरोबर काय देत?' इजिप्तच्या खाली तिने सोने, धान्य, रथ, मूर्ती असे लिहिले होते. 'आपल्या घरी' या शब्दांखाली जागा कोरी होती. तिने आजीला विचारले, आबाजींसोबत काय दिले? आजी म्हणाली, "काहाले द्याचं माय? त्याचा इळा चांगला होता. तुह्या बापाच्या हातात देला."

वडिलांच्या हातात तोच विळा होता.

मुलीने ते तसेच लिहिले. आम्ही एक ओळ सुचवायला गेलो होतो, पण गप्प बसलो. महाराष्ट्रातल्या किती तरी गावांत आजही जातवार स्मशाने आहेत. तिथे मेलेल्यालाही जागा विचारून मिळते. त्याविरुद्ध लढायचेच आहे. पण आपल्या हातातली गोष्ट आपण आज करू शकतो. मृताच्या नावाने जिवंतांच्या डोक्यावर दगड चढवू नका. जे जेवणावळीवर जाते ते पोरांच्या शाळेवर जाऊ द्या. आणि मुलांना प्रकल्प विकत आणून देऊ नका. त्यांना माती द्या, मीठ द्या, आजीजवळ बसवा आणि एक प्रश्न विचारायला शिकवा: हे बांधले कोणी?

दवनीवाड्याहून निघताना मुलीने विचारले, "मातीचं पिरॅमिड वाळून तडकलं, आता काय करू?" आम्ही म्हटले, तसेच ने. खाली एक चिठ्ठी लाव: बांधणाराचे नाव. तिने स्वतःचे नाव लिहिले.