दुसरी कॉपी आहे ना? मग काळजी कशाला!

व्हायव्हाला एक्स्टर्नलने विचारलं, "आरटीओ म्हणजे काय?" आमच्या बॅचमधला एक महाभाग शांतपणे म्हणाला, "सर, जिथे लायसन्स मिळतं ते." अख्खी लॅब हसली. एक्स्टर्नलही हसले. मार्क मात्र दिले नाहीत!

आम्ही बाकीच्यांनी बरोबर उत्तर दिलं. आरटीओ म्हणजे रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह, सिस्टीम बंद पडल्यावर ती जास्तीत जास्त किती वेळात पुन्हा सुरू झाली पाहिजे ते. आणि त्याचा जुळा भाऊ आरपीओ, म्हणजे किती वेळाचा डेटा गेला तर आपल्याला चालण्यासारखं आहे ते. दोन-दोन मार्कांच्या व्याख्या. पाठ केल्या, पेपरात ओकल्या, विसरलो. पुढे टेकफेस्टमध्ये जे झालं त्यानंतर मला वाटायला लागलं की लायसन्सवाला आणि आम्ही, सगळे एकाच माळेचे मणी होतो.

तर झालं असं. टेकफेस्टच्या रजिस्ट्रेशनचा ऑनलाइन फॉर्म असतोच, पण आपल्याकडे निम्मी जनता शेवटच्या दोन दिवसांत जागेवर येऊन पैसे भरते. त्यासाठी आम्ही स्वतःचा सर्व्हर लावला. एक जुना पीसी डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये, दुसरा लायब्ररीच्या बिल्डिंगमध्ये. दोन्हींवर लिनक्स, आणि मध्ये डीआरबीडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे फायली कॉपी होत नाहीत. डिस्कच्या व्हॉल्यूमवर जो जो ब्लॉक लिहिला जातो, तोच ब्लॉक नेटवर्कवरून पलीकडच्या डिस्कवरही लिहिला जातो. वर डेटाबेस आहे की सिनेमे, खालच्या थराला पत्ताच नसतो. आम्ही प्रोटोकॉल सी लावला होता, म्हणजे पलीकडच्या डिस्कवर लिहून झालं असा निरोप आल्याशिवाय इकडचं लिखाण पूर्ण झालं असं मानायचंच नाही. आरपीओ शून्य! पोस्टरवर आम्ही हे लाल अक्षरात लिहिलं होतं. एचओडी सरांनी पाठ थोपटली. मी ॲडमिन. कॉलर ताठ.

फेस्टच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, मेंटेनन्ससाठी लाइट गेली. दोन्ही पीसी यूपीएसवर होते, त्यांना काहीच झालं नाही. पण दोन बिल्डिंगच्या मधल्या कॉरिडॉरमध्ये भिंतीवर एक नेटवर्क स्विच लटकतो, त्याला यूपीएस द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तो मेला. लायब्ररीतल्या टेबलावर माझा पार्टनर बसला होता. त्याच्या समोर पोरांची रांग, आणि स्क्रीन ढिम्म. लॅबचा सर्व्हर गेला असं त्याला वाटलं. (त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.) त्याने आमच्या प्लॅनप्रमाणे लायब्ररीतल्या सेकंडरीला प्रायमरी केलं आणि काम सुरू. इकडे लॅबमध्ये माझा प्रायमरी ठणठणीत होता, आणि माझ्याही समोर रांग होती. चाळीस मिनिटं आम्ही दोघं दोन वेगवेगळ्या डिस्कवर आनंदाने एन्ट्र्या घेत होतो. दोघांनाही वाटत होतं, खरा सर्व्हर आपलाच!

लाइट आली, स्विच सुरू झाला, आणि दोन्ही डिस्कांनी एकमेकींशी बोलणं टाकलं. लॉगमध्ये ओळ आली: स्प्लिट ब्रेन डिटेक्टेड. अशा वेळी डीआरबीडी स्वतःहून काही ठरवत नाही (त्याला तसं आधी सांगून ठेवलं नसेल तर). कुठल्या बाजूचे बदल फेकायचे ते माणसाने सांगायचं. लायब्ररीत अठ्ठावन्न एन्ट्र्या झाल्या होत्या, माझ्याकडे एकतीस. मी घाईघाईत माझ्या बाजूवर 'डिस्कार्ड माय डेटा' दिलं आणि एकतीस जणांची नावं माझ्याच हाताने पुसली. आधी माझ्या डिस्कची एक प्रत काढून ठेवावी, एवढंसुद्धा सुचलं नाही. ते जमलं असतं, पाच मिनिटांचं काम होतं. पण समोर रांग होती, आणि कॉलर ताठ होती ना!

आम्हाला वाचवलं ते ऑफिसमधल्या काकांनी. पैसे घ्यायचे तर कार्बन लावून पावती फाडायचीच, असा त्यांचा हट्ट होता आणि आम्ही त्यांची यथेच्छ चेष्टा केली होती. रात्री त्याच पावती पुस्तकावरून एकतीस नावं पुन्हा भरली. आरपीओ शून्यवाला सर्व्हर आणि दहा पैशांचा कार्बन पेपर... असो.

हे कॉलेजच्या पोरांचं झालं, मोठ्या लोकांकडे असं होत नाही, असं वाटत असेल तर थांबा. 21 ऑक्टोबर 2018 ला अमेरिकेत गिटहबच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरची जोडणी तुटली ती फक्त 43 सेकंदांसाठी. तेवढ्यात त्यांच्या सॉफ्टवेअरने डेटाबेसची प्रायमरी पश्चिम किनाऱ्यावर हलवली. पूर्वेकडे काही सेकंदांचं असं लिखाण राहिलं जे पश्चिमेला पोचलंच नव्हतं, आणि पश्चिमेकडे तोवर नवं लिखाण सुरू झालं होतं. गाडी पूर्ण रुळावर यायला 24 तास 11 मिनिटं लागली. आमचाच स्विच, फक्त मोठा.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते मुंबईचं उदाहरण. 24 फेब्रुवारी 2021, नॅशनल स्टॉक एक्स्चेंज. सकाळी 11.40 ला व्यवहार थांबले ते थेट दुपारी 3.45 ला सुरू झाले, आणि त्या दिवशी बाजार 5 वाजेपर्यंत चालवावा लागला. आता यांच्याकडे काय नव्हतं? मुंबईतच जवळची साइट होती, दूर चेन्नईला डिझास्टर रिकव्हरी साइट होती. जवळची साइट कशासाठी ते गणितावरून कळतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. चेन्नई सरळ रेषेतच हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे जाऊन-येऊन किमान 10 मिलिसेकंद. प्रत्येक ब्लॉक लिहिताना एवढं थांबायचं म्हटलं तर शेअर बाजार चालणार कसा? म्हणून डेटा अजिबात जाऊ नये यासाठी जवळच्या साइटवर सिंक्रोनस कॉपी ठेवायची, आणि अख्खं शहरच बंद पडलं तर म्हणून लांबची साइट, जी थोडी मागे असली तरी चालते.

त्या दिवशी या दोन जवळच्या साइटमधल्या लिंक तुटल्या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लिंक होत्या, दोन्ही गेल्या. कारण एनएसईने आपल्या निवेदनात दिलं आहे: रस्त्यावरचं खोदकाम आणि बांधकाम! वाचून मी कपाळावर हात मारला. आणि लिंक गेल्यावर स्टोरेज अनपेक्षितपणे वागलं, प्रायमरीतल्या सर्व्हरांनाच ते दिसेनासं झालं, त्यामुळे रिस्क मॅनेजमेंटची सिस्टीम बंद. म्हणजे आपत्तीत वाचवायला बांधलेली कॉपी ठेवण्याची यंत्रणा, तिचीच तार तुटली आणि त्यातून मूळ काम आडवं झालं.

इथे ॲडमिनच्या हातात एक सेटिंग असतं, ज्याबद्दल आपल्या नोट्समध्ये एक ओळही नाही. पलीकडची डिस्क उत्तर देत नसेल तर काय करायचं? लिहिणं थांबवायचं, म्हणजे डेटा सुरक्षित पण धंदा बंद? की एकट्याने पुढे चालू ठेवायचं, म्हणजे धंदा सुरू पण शून्य आरपीओचं वचन मोडलेलं? दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. बँकेचं वेगळं, फेस्टचं वेगळं. पण ते आधी ठरवावं लागतं, आणि कुणीतरी त्याची जबाबदारी घ्यावी लागते. आम्ही डीफॉल्ट ठेवलं होतं. का? कारण ते डीफॉल्ट होतं!

या प्रकरणानंतर सेबीने मार्च 2021 मध्ये जे परिपत्रक काढलं ते मला फार आवडलं. महत्त्वाची सिस्टीम बंद पडली तर 30 मिनिटांच्या आत 'ही आपत्ती आहे' असं जाहीर करा, आणि तिथून 45 मिनिटांत काम सुरू करा. बघा, यात डिस्कबद्दल काही नाही. त्यांनी निर्णयाला घड्याळ लावलं. कारण तंत्र असतं हो, पण "पाच मिनिटं थांबू, येईल लिंक" असं म्हणत म्हणत दोन तास कसे जातात ते कुठल्याही सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर येऊन बघा.

शनिवारी, 2 मार्च 2024 ला तर बाजार मुद्दाम उघडला. 9.15 ते 10 नेहमीच्या साइटवरून आणि 11.30 ते 12.30 डीआर साइटवरून, खरे सौदे, खऱ्या पैशांचे. मे महिन्यात पुन्हा तेच. दुसऱ्या साइटवर काम करून बघितल्याशिवाय ती साइट आहे असं म्हणायचं नाही, याला मी इंजिनिअरिंग म्हणतो.

आता माझी तक्रार. आपल्याकडे स्टोरेजच्या विषयात चौदा प्रॅक्टिकल आहेत आणि एकातही काही तुटत नाही. सगळं आधीच चालणारं असतं, आपण स्क्रीनशॉट काढून जर्नलला चिकटवतो. तुम्ही म्हणाल, कंपनीत गेल्यावर शिकवतील की. गिटलॅबमध्ये 31 जानेवारी 2017 ला एक अनुभवी इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत मागे पडलेलं रेप्लिकेशन दुरुस्त करत होता. सेकंडरीवरची डिरेक्टरी रिकामी करायची म्हणून त्याने जी कमांड दिली ती प्रायमरीवर दिली. 300 जीबीतले 4.5 जीबी उरले. बाकीचे बॅकअप बघितले तर एकही धड चालत नव्हता, आणि शेवटी कामाला आला तो कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेला स्नॅपशॉट. त्यांचा कार्बन पेपरच म्हणा. हे घडलं ते कंपनीत. त्याआधी कुणी त्यांच्या लॅबमध्ये मुद्दाम केबल उपटून "आता काय कराल?" असं विचारलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं, कदाचित नसतंही. पण बॅकअप चालत नाही हे तरी आधी कळलं असतं.

मी एचओडी सरांना अर्ज दिलाय. एका प्रॅक्टिकलमध्ये एक्स्टर्नलने केबल काढायची, आणि पोरांनी कुठली बाजू ठेवायची ते कारणासह लिहायचं. दोन मार्क व्याख्येला, आठ निर्णयाला. सर म्हणाले, सिलॅबस युनिव्हर्सिटीचा आहे, बघू.

तोपर्यंत आम्ही आमच्यापुरतं केलं. यंदाच्या फेस्टआधी दोनदा ड्रिल घेतली. दोन्ही पीसींवर एकच कागद चिकटवलाय: सेकंडरी कुणी उठवायची त्याचं नाव, आणि त्याआधी पलीकडे मोबाइलवरून फोन करून "तू जिवंत आहेस का" हे विचारायचं. पहिली ड्रिल रविवारी ठेवली होती. बरोबर 11 वाजता मी केबल काढली, पार्टनरला फोन लावला, तर तो लायब्ररीच्या बाहेर उभा. किल्ली वॉचमन मामांकडे, आणि मामा जेवायला घरी. सेकंडरी 11.50 ला उठली. मामांचा नंबर आता कागदावर सगळ्यात वर आहे.