पदांवाचून केंद्रे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला. अभियांत्रिकी संस्थांनीही कला आणि मानव्यविद्यांना अधिक स्थान द्यावे, असे त्यात म्हटले आहे. तेव्हापासून ‘आंतरविद्याशाखीय केंद्र’ हा शब्द विद्यापीठांच्या प्रस्तावांत चांगलाच रुळला. अशी केंद्रे कशाच्या आधारावर टिकतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. वंगभंगानंतर, १९०६ मध्ये, स्वदेशी नेत्यांमध्ये राष्ट्रीय शिक्षणाविषयी मतभेद झाले. एका गटाने वाङ्मय, इतिहास आणि विज्ञान शिकवणारे बंगाल नॅशनल कॉलेज काढले, तर दुसऱ्याने बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूट. चार वर्षांतच दोन्ही संस्था एकत्र आल्या. त्या परंपरेतून १९५५ मध्ये जादवपूर विद्यापीठ उभे राहिले. तंत्रविद्या की मानव्यविद्या, हा वाद आपल्याला वाटतो तितका नवा नाही.

याच विद्यापीठात २००३ मध्ये ‘स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्स’ स्थापन झाले. रवींद्रनाथांच्या सार्धशताब्दीनिमित्त केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या अनुदानातून तेथे ‘विचित्रा’ हा संगणकीय संग्रह सिद्ध झाला आणि २०१३ मध्ये तो सर्वांना खुला झाला. हस्तलिखितांची ४७ हजारांहून अधिक आणि छापील ग्रंथ व नियतकालिकांची ९१ हजारांहून अधिक पाने त्यात आहेत. एखाद्या कवितेच्या दोन पाठांत कोणता शब्द बदलला, हे तेथे ताडून पाहता येते. त्यासाठी कवीच्या खाडाखोडीतून अक्षर लावणारे अभ्यासक जितके हवे होते, तितकेच बंगाली मजकुराची तुलना करणारी प्रणाली रचणारे संगणकतज्ज्ञही. आंतरविद्याशाखीयता येथे परिपत्रकाने आली नाही. ती कामाची गरज होती.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सेवेत असताना एका विद्यापीठाचा अशाच केंद्राचा प्रस्ताव माझ्यापुढे आला होता. यंत्रसामग्री हा एकदाच होणारा खर्च म्हणून मी तो मान्य केला. मागितलेल्या चार पदांवर मात्र ‘आवर्ती खर्च, शिफारस नाही’ असा शेरा मारला. वित्तीय शिस्तीच्या दृष्टीने ती टिपणी निर्दोष होती. काही वर्षांनी मी तेथे गेलो, तेव्हा यंत्रे कुलूपबंद खोलीत होती आणि ती चालवायला शिकलेली कंत्राटी मुले दुसरीकडे नोकरीला लागली होती. इतिहासाचा विद्यार्थी असूनही, दफ्तरखाना कपाटांवर नव्हे तर दफ्तरदारांवर चालतो, हे मी विसरलो होतो.

आजही अनुदानाची रीत फारशी वेगळी नाही. प्रकल्प दोन-तीन वर्षांचा असतो आणि माणसेही तेवढ्यापुरतीच नेमली जातात. नियमित नेमणूक आणि बढती विभागामार्फत होत असल्याने, दोन विषयांच्या सीमेवर काम करणारा कोणत्याच विभागाला आपला वाटत नाही. बहुविद्याशाखीयतेचा आग्रह धरणाऱ्या शासनाने म्हणूनच प्रत्येक नव्या केंद्रासोबत निदान काही कायम पदे मंजूर करावीत आणि अभिलेखपाल व प्रणालीकार यांना अध्यापकांच्या बरोबरीचा दर्जा द्यावा.

नव्या केंद्राच्या उद्घाटनाची कोनशिला बसवण्यापूर्वी संबंधित सचिवाने एवढेच विचारावे: दहा वर्षांनी येथे कोण बसलेले असेल? मी तो प्रश्न विचारला नव्हता.