उपदेश नको, बंदोबस्त हवा!

जुलै महिना उजाडला की महाराष्ट्रातील कितीतरी सुशिक्षित घरांतून एखादा मुलगा वा मुलगी मेलबर्न, सिडनी अथवा ब्रिस्बेनच्या वाटेला लागते. घरावर कर्ज काढलेले असते, आजीच्या पाटल्या मोडलेल्या असतात आणि विमानतळावर आईबापांच्या ओठांवर एकच वाक्य असते: 'जपून राहा.' या दोन शब्दांमागील काळजीविषयी कोणास शंका असण्याचे कारण नाही. परंतु हेच दोन शब्द जेव्हा पोलीस खाते उच्चारते, सरकार उच्चारते, भरभक्कम शुल्क घेणारी शिक्षणसंस्था उच्चारते, तेव्हा त्यांचा अर्थ पालटतो. आईच्या तोंडी जी माया, ती अधिकाऱ्याच्या तोंडी टाळाटाळ ठरते. हा भेद नीट ध्यानी यावयाचा, तर २००९ सालच्या मेलबर्नकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे. आणि ते पाहून झाल्यावर तीच नजर आपल्या पुण्याकडेही वळविली पाहिजे.

त्या वर्षी ऑस्ट्रेलियात ९० हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. कोळसा आणि लोखंडाचे खनिज यांच्या खालोखाल त्या देशाची सर्वांत मोठी निर्यात म्हणून शिक्षणाचे नाव घेतले जात असे. विद्यार्थी हा तेथे केवळ ज्ञानार्थी नव्हता, तो राष्ट्रीय उत्पन्नाचे एक साधन होता. अशा या साधनाच्या रक्षणार्थ व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी वर्षारंभी कोणती योजना पुढे ठेवावी? रेल्वेच्या डब्यात आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका, महागडे फोन आणि संगणक दिसतील असे बाळगू नका, असा उपदेश त्यांनी केला. मे महिन्यात हल्ल्यांची मालिका गाजू लागली आणि ३१ मे रोजी संतप्त विद्यार्थ्यांनी मेलबर्नमध्ये मोर्चा काढून फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकासमोरचा हमरस्ता अडवून धरला. जानेवारी २०१० मध्ये तर रात्रपाळीच्या कामावर निघालेला एक भारतीय तरुण शहराच्या पश्चिम भागातील एका उद्यानात सुऱ्याला बळी पडला. मारेकरी अवघ्या १५ वर्षांचा मुलगा निघाला. डिसेंबर २०११ मध्ये त्याला १३ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

या घटनांनंतर दोन्ही देशांत जे झाले ते उद्बोधक आहे. ऑस्ट्रेलियातील मंत्री आणि अधिकारी एकसारखे सांगत राहिले की, हे संधिसाधू गुन्हे आहेत, त्यांत वर्णद्वेष नाही. इकडे आपल्या वृत्तपत्रांना आणि दूरचित्रवाणीला वर्णद्वेषावाचून दुसरे काही दिसेना. अमिताभ बच्चन यांनी ब्रिस्बेनच्या विद्यापीठाने देऊ केलेली सन्मान्य पदवी नाकारली. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटूंना महाराष्ट्रात खेळू देणार नाही असे बजावले. एका माणसाने मेलबर्नमध्ये आपल्याला हल्लेखोरांनी जाळल्याची तक्रार दिली, तेव्हा आपल्याकडे केवढा गहजब झाला! पुढे तपासात त्याने विम्यासाठी स्वतःच आपली गाडी पेटविली होती असे उघडकीस आले. त्या बातमीला मात्र कोपऱ्यातली जागा मिळाली. एका बाजूला झाकपाक आणि दुसऱ्या बाजूला साप साप म्हणून भुई धोपटणे, या गदारोळात तो विद्यार्थी रात्री बाराला कोणत्या रस्त्याने घरी जातो, हा साधा प्रश्न विचारण्यास कोणालाच सवड झाली नाही.

तो प्रश्न पुढे एका सरकारी संस्थेने विचारला. ऑस्ट्रेलियाच्या गुन्हेशास्त्र संस्थेने २००५ ते २००९ या काळातील ४ लाखांहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी पोलिसांच्या दप्तराशी ताडून पाहिल्या आणि २०११ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. मारहाणीचे प्रमाण परदेशी विद्यार्थ्यांत सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा सामान्यतः कमी वा तितकेच होते. परंतु मोठ्या राज्यांत भारतीय विद्यार्थ्यांना लुटले जाण्याचे प्रमाण मात्र अधिक होते. या लुटालुटीचा बराच मोठा भाग पेट्रोल पंप, रात्रभर चालणारी दुकाने अशा कामाच्या जागी घडला होता. गुन्हेगाराच्या मनात काय होते हे पोलिसांच्या दप्तरावरून ठरविता येत नाही, हेही अहवालाने प्रांजळपणे मान्य केले.

वर्णद्वेष नव्हताच, असे आमचे म्हणणे नाही. शिवी हासडून मारलेला ठोसा ज्याच्या तोंडावर बसला, त्याला आकडेवारी दाखवून समजाविणे हा क्रूरपणा होय. परंतु द्वेष हा मनात असतो आणि त्याला वाट मिळते ती ओसाड फलाटावर, विझलेल्या दिव्याखाली, एकट्या दुकानदाराच्या गल्ल्यापाशी. भाडे परवडावे म्हणून दूरच्या उपनगरात राहावयाचे, शुल्क भरता यावे म्हणून रात्रपाळी करावयाची आणि शेवटच्या गाडीने परतावयाचे, हा त्या विद्यार्थ्याचा दिनक्रम. तो बदलणे त्याच्या हाती नव्हते. अशा माणसाला 'रात्री एकटे फिरू नका' असे सांगणे म्हणजे भर पावसात छत्री नसलेल्याला भिजू नका असे सांगण्यासारखे आहे.

शिवाय त्याच शेवटच्या गाडीत इस्पितळातील परिचारिका असते, उपाहारगृहातील स्वयंपाकी असतो, कचेऱ्या झाडून घरी निघालेली प्रौढ बाई असते. ही सारी त्या शहराचीच माणसे. परदेशी विद्यार्थ्याची सुरक्षितता आणि स्थानिक नागरिकाची सुरक्षितता या दोन निराळ्या गोष्टी नाहीत, हे आमच्या मते या प्रकरणाचे सार आहे. जो रस्ता एकासाठी भयाचा, तो दुसऱ्यासाठीही भयाचाच असतो. फरक इतकाच की, परक्याजवळ हाक मारण्यासाठी शेजार नसतो.

जे उपाय योजले गेले, त्यांनीच ही गोष्ट दाखवून दिली. एप्रिल २००८ मध्ये टॅक्सी चालविणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्यावर सुरीहल्ला झाला, तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांनी उघड्या अंगाने मेलबर्नचा मध्यवर्ती चौक अडविला. त्यांची मागणी उपदेशाची नव्हती. चालक आणि उतारू यांच्यामध्ये संरक्षक पडदा असावा आणि रात्रीचे भाडे आगाऊ मिळावे, ही होती. सरकारने ती मान्य केली. तो पडदा चालकाचा जन्म कोठला हे पाहत नाही. फेब्रुवारी २०१२ पासून मेलबर्नच्या रेल्वे स्थानकांवर संध्याकाळी ६ पासून शेवटची गाडी जाईपर्यंत खास रक्षक नेमण्यास आरंभ झाला आणि पुढील काही वर्षांत साऱ्या महानगरात ही व्यवस्था पसरली. तिचा लाभ विद्यार्थ्याला होतो, तितकाच त्या परिचारिकेलाही होतो. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ सालीच आपल्या नगरविषयक ग्रंथात लिहून ठेवले आहे की, शहराचा रस्ता मुख्यतः पोलिसांमुळे नव्हे, तर त्यावर असलेल्या माणसांच्या वावरामुळे आणि नजरेमुळे सुरक्षित राहतो. उघडे दुकान, प्रकाशमान खिडकी, फलाटावर जागा असलेला माणूस, ही गुन्ह्याची खरी वैरी होत.

आणखी एक गोष्ट आमच्या पालकवर्गाने ध्यानी घ्यावी. त्या काळी ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक काम करण्यास मनाई होती. ज्याने पोटासाठी ही मर्यादा ओलांडली, तो लुटला गेला तरी पोलीस चौकीची पायरी चढण्यास कचरत असे. तक्रार करावी तर आपलाच परवाना जाईल, ही धास्ती. आता ही मर्यादा पंधरवड्याला ४८ तासांची आहे, पण धास्तीचे मूळ तेच. गुन्हा नोंदविला गेला नाही की तो कागदावर घडतच नाही. आणि जो कागदावर नाही, त्यासाठी बंदोबस्तही होत नाही. म्हणून मुलाला निरोप देताना नुसते 'जपून राहा' न म्हणता 'काही झाले तर गप्प बसू नकोस' हेही सांगावे. तेथील आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक ०००. आपल्या परराष्ट्र खात्याच्या 'मदद' या व्यवस्थेत परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपले नाव नोंदविता येते. खोली ठरविण्यापूर्वी स्थानकापासूनचा रस्ता रात्री कसा असतो हे विचारावे. भाड्यात वाचलेले डॉलर अंधाऱ्या वाटेवर खर्ची पडू नयेत.

येथवर आमच्या वाचकांनी माना डोलावल्या असतील. आता थोडे कटू बोलणे प्राप्त आहे. ३१ जानेवारी २०१६ रोजी बंगळुरात एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीखाली एक स्थानिक स्त्री मरण पावली. जमावाने सूड घेतला तो पाठीमागून आलेल्या, त्या अपघाताशी काहीएक संबंध नसलेल्या टांझानियाच्या विद्यार्थिनीवर. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडा येथे एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर नायजेरियन विद्यार्थ्यांना गाठून बदडण्यात आले. एका मोठ्या व्यापारी संकुलात लोक खुर्च्या उचलून मारत होते आणि बाकीचे पाहत होते. आफ्रिकी राष्ट्रांच्या राजदूतांनी एकत्र येऊन या हल्ल्यांना वर्णद्वेषी म्हटले. आमच्या सरकारने काय उत्तर द्यावे? तपास पुरा होण्याआधी यास वर्णद्वेष म्हणता येणार नाही! २००९ साली कॅनबेरातून नेमके असेच उत्तर आले, तेव्हा आपण खवळून उठलो होतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण आपल्या पूर्वजांनी आपल्याला ओळखूनच करून ठेवली असली पाहिजे.

पुणे हे स्वतःस विद्येचे माहेरघर म्हणवून घेते. इराण, अफगाणिस्तान, अरब देश आणि आफ्रिका येथील विद्यार्थी गेली कित्येक दशके या माहेरी येत आहेत. त्यांचा अनुभव विचारावा. वर्ण पाहून खोली नाकारणारा घरमालक, दुप्पट भाडे सांगणारा रिक्षावाला, रस्त्यात हटकून हेटाळणी करणारी टवाळ पोरे, हे त्यांना अनोळखी नाहीत. परदेशी भाडेकरूची नोंद पोलिसांकडे झालीच पाहिजे, हा नियम योग्यच आहे. परंतु त्या विद्यार्थ्याची आणि पोलिसांची गाठ केवळ कागदपत्रे तपासण्याच्या वेळी पडत असेल, तर संकटाच्या वेळी तो त्यांच्याकडे कोणत्या विश्वासाने धाव घेईल?

यास्तव आमच्या मागण्या साध्या आहेत. विद्यापीठ आणि परदेशी विद्यार्थी घेणारी प्रत्येक संस्था यांनी प्रवेशाच्या आठवड्यातच विद्यार्थ्यांची जवळच्या पोलीस ठाण्याशी गाठ घालून द्यावी. ११२ या क्रमांकावर तक्रार करणाऱ्याची भाषा मराठी वा हिंदी नसली तरी त्याचे ऐकून घेण्याची सोय असावी. महापालिकेने वसतिगृहे आणि अभ्यासिका यांच्या भोवतालच्या रस्त्यांची पाहणी दिवसा न करता रात्री ११ नंतर करावी आणि बंद दिवे लावावेत. शेवटच्या बसची वेळ ग्रंथालये आणि इस्पितळे यांच्या वेळांशी जुळवावी. यांपैकी एकही गोष्ट केवळ परदेशी पाहुण्यासाठी नाही. साताऱ्याहून वा लातूरहून आलेली, रात्री अभ्यासिकेतून पायी परतणारी आपली मुलगीही याच रस्त्याने जाते.

मेलबर्नच्या फलाटावर उभ्या असलेल्या आपल्या मुलाने तेथील शहराकडून जे मागावे असे आपल्याला वाटते, ते आपल्या शहरात आलेल्या परक्या मुलाला आपण देतो काय, हा प्रश्न प्रत्येक पुणेकराने स्वतःस विचारावा. ज्या दिवशी त्याचे उत्तर होकारार्थी येईल, त्या दिवशी परदेशी सरकारांना जाब विचारण्याचा आपला अधिकार खऱ्या अर्थाने सिद्ध होईल.