अंड्यांची झोप

बंगळूरच्या बसवनगुडीनजीकच्या एका वस्तीला लोक अद्यापि ‘टाटा सिल्क फार्म’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जमशेटजी टाटांनी तेथे जपानी तज्ज्ञांच्या साहाय्याने रेशमाच्या किड्यांचे संगोपन आरंभिले होते. केंद्रीय रेशीम मंडळाचे मुख्यालयही आज बंगळुरातच आहे. तेव्हा ह्या शहराच्या निमित्ताने किड्याच्या अंड्यातील एक नवल पाहू.

रेशमाची मादी एका वेळी चार-पाचशे अंडी घालते. ‘प्युअर म्हैसूर’ ह्या आपल्या जुन्या जातीची अंडी फिकट पिवळी राहतात आणि सुमारे दहा दिवसांत त्यांतून अळ्या निघतात. थंड देशांतील जातींची अंडी मात्र दोन-तीन दिवसांत काळसर होतात व निश्चल पडून राहतात. ती मेलेली नसतात, झोपलेली असतात. हिवाळ्यात तुती निष्पर्ण होणाऱ्या मुलुखात ही झोप शहाणपणाचीच. परंतु बंगळूरच्या आसपास तुतीला बारमाही पाला. तेथे अंडे महिनोन् महिने झोपले तर शेतकऱ्याचे पीकच बुडाले!

मग ही झोप कोण ठरवितो? अंडे नव्हे, त्याची आई. आणि आईचे तरी तिच्या हाती कोठे असते? दोन पिढ्यांच्या जातीत, ती स्वतः अंड्यात असताना २५ अंश उष्णता व उजेड लाभला असेल, तर तिची अंडी झोपतात. १५ अंश व अंधार लाभला असेल, तर जागी राहतात. नातवंडांचे गुणदोष आजीच्या पदरात घालणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे ऐकून आनंदच वाटेल.

हा निरोप आईच्या देहातून अंड्यापर्यंत कसा पोहोचतो, ते १९५१ साली फुकुदा व हासेगावा ह्या जपानी शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखविले. किड्याच्या अन्ननलिकेखाली मज्जापेशींची एक इवलीशी गाठ असते. कोषातील मादीची ही गाठ काढून टाकली, तर झोपाळू अंडी घालणारी मादी जागी अंडी घालू लागते; तीच गाठ दुसरीच्या अंगी बसविली, तर उलट घडते. गाठीतून एक संप्रेरक रक्तात उतरते. परंतु तिच्यावर मेंदूचा अंमल असतो. जागी अंडी घालणाऱ्या मादीत मेंदू व गाठ ह्यांना जोडणारे मज्जातंतू तोडले, की मेंदूचा लगाम सुटतो आणि अंडी झोपाळू निपजतात. १९९१ मध्ये ह्या संप्रेरकाची रचना उलगडली: २४ अमिनो आम्लांची ती एक साखळी आहे. तिच्या प्रभावाने वाढती अंडी रक्तातील साखर अधिक ओढून घेतात व ग्लायकोजेनच्या रूपाने साठवितात. पुढे झोपेत त्याच साठ्यातून सॉर्बिटॉल व ग्लिसरॉल तयार होतात. म्हणजे गोठवणाऱ्या थंडीची शिदोरी आईने आधीच बांधून दिलेली असते.

हे ज्ञान प्रयोगशाळेत कोंडून राहिलेले नाही. कर्नाटकात संकरित अंडी काढताना पुष्कळदा मादी ‘प्युअर म्हैसूर’ची व नर परदेशी वंशाचा घेतात. झोपेचा निर्णय आईकडे असल्याने ही अंडी वेळेवर उबतात. दोन्ही पालक थंड जातीचे असले, तर मात्र अंड्यांना जागे करावे लागते. म्हैसूरच्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेले सीएसआर संकर ह्याच वर्गातले. जालना-बीडकडील आपले शेतकरीही अशा दोन पिढ्यांच्या जातींचे अंडीपुंज घेतात.

जागे करण्याची रीत जुनी व काहीशी निर्दय वाटावी अशी आहे. घातल्यानंतर सुमारे वीस तासांनी अंडी ४६ अंश उष्ण अशा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात पाचेक मिनिटे बुडवितात, लगेच स्वच्छ पाण्याने धुतात आणि सावलीत वाळवितात. ही वेळ टळली, तर तीच अंडी आधी कित्येक दिवस शीतगृहात ठेवावी लागतात. म्हणून अंडी-केंद्रात मादी अंडी घालू लागली, की कामगाराची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते.