आसारीला रंग कशाला?

जळगावचं पिंप्राळं घ्या की धुळ्याचं देवपूर, गच्चीवर गेलं की पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या आसाऱ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. मुलाचं लग्न होईल, वर दोन खोल्या निघतील, ही आशा. बँकेत असताना घरकर्जाच्या पाहणीला मी अशा कितीतरी गच्च्यांवर चढलो. एका मालकाने गंजू नये म्हणून आसाऱ्यांना रेड ऑक्साइडचे दोन हात दिले होते. मी 'योग्य काळजी घेतली आहे' असा शेरा मारून मोकळा झालो! तो शेरा आज बोचतो.

कारण काँक्रीट आणि लोखंड यांचा संसार चालतो तो पकडीवर. सिमेंट पोलादाला चिकटतं, घर्षण धरून ठेवतं आणि आसारीच्या कंगोऱ्यांना काँक्रीट अडतं. मध्ये रंगाचा पापुद्रा आला की चिकटणं संपतं, घर्षण घटतं आणि सगळा भार कंगोऱ्यांवर येतो. ते पाचरीसारखे काँक्रीट फोडू पाहतात. म्हणूनच 'आयएस ४५६ : २०००' हे आपलं मानक बजावतं, की आसारीवर सुटा गंज, तेल, माती, रंग, पकड कमी करणारं काहीही नको.

कारखान्यात चढवलेला इपॉक्सीचा लेप निराळा. त्याला १९९३ पासून स्वतंत्र मानक आहे. तरी पकड घटतेच, म्हणून अमेरिकी संहिता अशा आसारीची काँक्रीटमधली लांबी दीडपटीपर्यंत वाढवायला लावते. समुद्रकाठी हा खर्च समजू शकतो. १९७० साली खुला झालेला गोव्याचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तो आतल्या तारा गंजल्यामुळे. पण लेप म्हणजे अमृत नव्हे. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या सागरी पुलांत लेप दिलेल्या आसाऱ्याही गंजलेल्या आढळल्या.

आम्हा खानदेशवासीयांना कुठला आलाय समुद्र? आमचे वैरी घरचेच: पातळ कव्हर आणि मे महिन्याच्या उन्हात दोन दिवसांत आटोपलेलं पाणी मारणं. टँकर परवडत नाही, हेही खरंच. पण दाट काँक्रीटमधला अल्कलीचा गुण लोखंडाला आपोआप सांभाळतो. उघड्या आसाऱ्यांना सिमेंटची स्लरी लावावी, मजला चढवताना तारेच्या ब्रशाने घासून सुटा गंज काढावा आणि आसारी किती झिजली ते अभियंत्याला मोजायला लावावं. घट्ट बसलेल्या हलक्या गंजाला भिऊ नये.

त्या घरावर पुढे मजला चढला. येता-जाता दिसतो. आधी रंग खरवडला होता का, हे विचारायला मी अजून पायरी चढलेलो नाही.