तंजावरचा कौल आणि मद्रासचं मागचं दार

तंजावरचं भोसल्यांचं राज्य १८५५ मध्ये खालसा झालं. त्यानंतर शंभर वर्षं व्हायच्या आत तिथल्या भूमिहीन शेतमजुराच्या हातात मतपत्रिका आली. १९५१-५२ च्या त्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेलं असे. शिक्का मारायची भानगड नव्हती. कागद आपल्या पेटीत टाकला की झालं. काँग्रेसची बैलजोडी, कम्युनिस्टांचं विळा-कणीस.

लोकसभेसाठी तंजावरनं काँग्रेसच्या आर. वेंकटरामन यांना दिल्लीला पाठवलं. कामगार कायद्याचे हे वकील पुढे राष्ट्रपती झाले. मद्रास विधानसभेत मात्र काँग्रेसचं पानिपत झालं. ३७५ पैकी जेमतेम १५२ जागा हाती लागल्या, खुद्द मुख्यमंत्री कुमारस्वामी राजा आपटले आणि कम्युनिस्टांनी ६२ जागा मारल्या.

तंजावरमधल्या कावेरीच्या भातखाचरांतला राग जुनाच होता. मजूर चुकला की जमीनदार त्याला चाबकानं फोडून काढी, शेण कालवलेलं पाणी प्यायला लावी. कम्युनिस्ट कार्यकर्ते बी. श्रीनिवास राव यांनी चाळीसच्या दशकात या मजुरांची संघटना बांधली ती याच छळाविरुद्ध.

बहुमत नसताना काँग्रेसनं सी. राजगोपालाचारी ऊर्फ राजाजींना पुढे केलं. त्यांनी निवडणूक लढवलीच नव्हती. राज्यपाल श्रीप्रकाश यांनी त्यांना विधान परिषदेवर नियुक्त केलं आणि १० एप्रिल १९५२ ला ते मुख्यमंत्री झाले. परिषदेतल्या राज्यपालनियुक्त जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी असतात. राजाजी मोठे लेखक, त्यामुळे कागदोपत्री सगळं चोख! कम्युनिस्ट नेते पी. राममूर्ती हायकोर्टात गेले, पण त्यांचा अर्ज टिकला नाही. छोटे पक्ष आणि अपक्ष गळाला लावून राजाजींनी जुलैत विश्वासदर्शक ठरावही जिंकला.

राजाजींचे समर्थक इथे तंजावरकडे बोट दाखवतात. ऑगस्ट १९५२ मध्ये त्यांच्याच सरकारनं तंजावरची कुळं आणि ‘पन्नैयाळ’, म्हणजे बांधील शेतमजूर, यांच्या संरक्षणाचा वटहुकूम काढला. कुळाला पिकाचा किमान दोन पंचमांश वाटा ठरला, मनमानी हकालपट्टीला आळा बसला. काम चांगलंच झालं. पण ते मागच्या दाराच्या खाती जमा करणं चुकीचं आहे. राजाजी कम्युनिस्टांना आपला पहिल्या क्रमांकाचा शत्रू म्हणत. अशा मुख्यमंत्र्याला शेतमजुराची दखल घ्यावी लागली, ती मजुरांची संघटना रस्त्यावर होती आणि विळा-कणसाच्या पेट्या भरून वाहिल्या होत्या म्हणून.

महाराष्ट्राला हे दार परकं नाही. एप्रिल २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांची विधिमंडळाचं सदस्य होण्यासाठीची सहा महिन्यांची मुदत संपत आली, तेव्हा मंत्रिमंडळानं त्यांची शिफारस राज्यपालनियुक्त जागेसाठीच केली होती. राज्यपालांचा निर्णय लांबला आणि अखेर मे महिन्यात ते विधान परिषदेवर बिनविरोध निवडून आले. पेच सुटला, पण वाट तशीच उघडी राहिली.

पक्ष कोणताही असो, राज्याचं भवितव्य एका राज्यपालाच्या सहीवर लटकता कामा नये. राज्यपालनियुक्त सदस्याला मुख्यमंत्री होता येणार नाही, एवढी साधी तरतूद संसदेनं घटनेत करावी. लोकांचा कौल मागायची तयारी नसलेल्यानं ती खुर्ची मागू नये.